कागदांचा पावसाळा

जूनमध्ये पारसिकच्या डोंगरावर ढग टेकू लागले, की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडच्या घराघरांतून लोखंडी कपाटांचे लॉकर उघडू लागतात. साड्यांच्या घड्यांखाली, डांबरगोळ्यांच्या वासात वर्षभर निजलेली एक प्लास्टिकची पिशवी बाहेर येते आणि तिच्यातून एकेक कागद निघतो. कडा विरलेलं रेशनकार्ड. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्याच्यावरची शाई आता तपकिरी झाली आहे. गावच्या सातबाऱ्याचा जुना उतारा. आईच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं आधार आणि त्या एका अक्षरापायी करावं लागलेलं प्रतिज्ञापत्र. बारावीचा निकाल लागलेला असतो. सीईटीचे पर्सेंटाइल कळलेले असतात. पेढे वाटून झालेले असतात आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात आता पासपोर्ट साइजचे फोटो नि गोंदाची ट्यूब ठेवलेली असते. बाहेर खाडीवरून वारा येतो, खारा, ओला, तिवरांच्या चिखलाचा दर्प घेऊन येणारा, आणि खिडकीतल्या वाळत घातलेल्या युनिफॉर्मच्या बाह्या हलवून जातो. फीचा विषय कुणी काढत नाही.

मग कुणीतरी काढतं.

या दिवसांत मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर झेरॉक्सच्या दुकानातला उजेड. पावसाने काळवंडलेली दुपार, टपरीवजा दुकानावर ताडपत्री, ताडपत्रीवरून गळणाऱ्या धारा, आणि आत ते यंत्र. झाकण मिटतं, फटीतून हिरवट पांढरा उजेड या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश सरकत जातो आणि त्या उजेडाखालून एकेक आयुष्य पालथं पडून जातं. आजोबांची जन्मतारीख जाते, जी गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली होती. आजीचा अंगठा जातो. वडिलांची चौथी पास जाते. इतक्या झगझगीत उजेडात या माणसांकडे कधी कुणी पाहिलेलं नसतं. लग्नातल्या फोटोग्राफरनेही नाही. दुसऱ्या बाजूने कोमट प्रत बाहेर येते. ती हातात घेतली की तिची ऊब बोटांना लागते, आणि क्षणभर वाटतं, हा कागद जिवंत आहे.

सिडकोने नवी मुंबई हे एक शहर आखलं खरं, पण या शहराचे कागद दोन जिल्ह्यांत वाटले गेले. कोपरखैरणे-घणसोलीच्या पोरांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाण्याच्या तहसीलदारांच्या नावे अर्ज करायचा, खारघर-कामोठ्याच्या पोरांनी पनवेलच्या. हल्ली सेतू केंद्रातून आणि आपले सरकारच्या संकेतस्थळावरून पुष्कळसं घरबसल्या होतं. तरी पोरांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये फाइल असतेच. ती ते पावसात छातीशी धरून चालतात, स्वतः भिजतात. फाइल भिजू देत नाहीत.

माझ्या वेळी संगणक नव्हता. आम्ही ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी-सवलतीचा फॉर्म भरायचो, निळ्या शाईच्या पेनने, खाडाखोड न करता. ही ईबीसीची सवलत यशवंतराव चव्हाणांच्या काळातली. तेव्हा वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तिचा लाभ मिळे. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी ती मर्यादा ८ लाखांवर आली आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची दोन-तीन पिढ्यांची संध्याकाळ मावते. कंदिलाखाली, मग बल्बखाली, मग ट्यूबलाइटखाली कुणीतरी पाय दुमडून बसलंय आणि वडिलांना विचारतंय, ‘वर्षाचं उत्पन्न किती लिहू?’

आबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. त्यांच्या चुलत्यांनी मशीद बंदरच्या जुन्या बाजारात पाठ वाकवली. बाजार खाडी ओलांडून तुर्भ्याला आला तसे आबाही आले, आणि पाटण तालुक्यातल्या डोंगरउतारावरचं आमचं घर कोपरखैरण्याच्या एका खोलीत येऊन बसलं. भल्या पहाटे ते निघत तेव्हा खांद्यावर गोणपाटाची घडी आणि हातात लोखंडी हूक असे. परतत तेव्हा त्यांच्या आधी कांद्याचा वास घरात शिरे. तो वास सदऱ्यात असे, केसांत असे, ताटाला लागे, आणि पुढे कॉलेजात सुगंधी तेल लावून बसलेल्या मुलींच्या बाकावर मी बसले की मला उगाच वाटे, माझ्या वहीच्या पानांनाही तो लागला आहे. फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना होता. मी लिहिलं, माथाडी कामगार. अक्षर नीट काढलं, मात्रा-वेलांट्या ठळक दिल्या. मग त्याखालचा रकाना आला.

‘माझ्या चिठ्ठ्या हायेत,’ आबा म्हणाले, आणि त्यांनी फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून रबर लावलेला एक जुडगा काढून दिला. माथाडी मंडळाच्या पगाराच्या चिठ्ठ्या. अण्णासाहेब पाटलांनी माणसं एकत्र केली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, म्हणून त्या चिठ्ठ्या तरी होत्या. त्याच्या आधीच्या हमालाच्या वर्षाला कागदच नसे; गोणी उचलली, थप्पी लागली, हातावर नाणी पडली, दिवस मावळला. मी चिठ्ठ्या महिन्यांप्रमाणे लावल्या आणि बेरीज करायला बसले.

ती बेरीज करताना जे झालं, ते मला पुढे कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही. आकडे एकाखाली एक मांडत गेले तसतसं आमचं मागचं वर्ष त्या कागदावर उगवत गेलं. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रकमा चढलेल्या. तेव्हा लाल कांद्याची आवक होती, गाड्यांची रांग संपत नव्हती, आबा घरी येऊन न बोलता झोपत होते आणि झोपेतही त्यांचा उजवा खांदा उचकत होता. जूनची रक्कम उतरलेली. ते भाताच्या पेरणीला गावी गेले होते. सप्टेंबरची अगदीच खाली. तेव्हा त्यांच्या मणक्यात चमक भरली होती, ते पालथे पडून होते आणि आई त्यांच्या कमरेला गरम विटेचा शेक देत होती. त्याच महिन्यात मी शाळेच्या सहलीला पैसे मागितले होते. ते मिळाले होते. कुठून मिळाले, हे चिठ्ठीत नव्हतं. ऑक्टोबर परत वर आलेला, जरा घाईनेच. मणका बरा व्हायच्या आधीच ते कामावर गेले असणार, हे मला त्या आकड्याने सांगितलं. माणसं स्वतःबद्दल बोलत नाहीत. आकड्यांना तेवढा संकोच नसतो.

बेरीज झाली. मी ती आबांना वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि पुष्कळ वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिले. त्यांना आठवड्याचा हिशोब ठाऊक होता, उधारीचा ठाऊक होता, गावच्या भिशीचा ठाऊक होता. पण आपलं आख्खं वर्ष एका ओळीत बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

‘वर्साचं एवढंच व्हतं व्हय?’ ते म्हणाले. ‘आन् त्येच्यात सगळं भागलं?’

आतून, स्टोव्हच्या आवाजावरून, आई म्हणाली, ‘भागलं न्हाई. भागवलं.’

फॉर्ममध्ये आईसाठी ‘गृहिणी’ हा शब्द होता. मी तो लिहून टाकला आणि पान उलटलं.

शिक्षणासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आपल्याकडे नवं नाही. पुण्यात गरीब घरची मुलं वार लावून जेवत. सोमवारी या वाड्यात, मंगळवारी त्या. मुलगा हात-पाय धुऊन पाटावर बसे आणि वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून ओळखे, आज दुसरी पोळी मागायची की नाही. त्या सात वारांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत हळवेपणाने येतात, आणि त्या वाचताना मीही हळवी होते. मग एकदम लक्षात येतं, की माझ्या आबांच्या आजोबांच्या मुलाला त्यातल्या एकाही वाड्याच्या पाटावर जागा मिळाली नसती. दारं उघडी होती, पण कुणासाठी, हे ठरलेलं होतं. आज भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती नि नवबौद्ध मुलाला मुंबई-पुण्याबरोबर नवी मुंबईतही वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, किरकोळ खर्चाचे ८,०००. जेवणाचे दिवसाला पडतात ८७-८८ रुपये. नेरूळ नाहीतर सानपाड्याला एका खोलीत दाटीने राहणारी, डबा वाटून खाणारी मुलं या रकमेला हसतात. पण ती कुणाच्या चेहऱ्याकडे पाहून जेवत नाहीत. एवढा फरक मोठा आहे. त्याला मी थोडा म्हणणार नाही.

आणि पैसे नेहमी सरकारी खजिन्यातून किंवा वाड्यातूनच आले असंही नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले भाऊ गोविंदराव महिन्याला १५ रुपये मिळवत आणि त्यातले ८ धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडत. उरलेल्या ७ रुपयांत संसार. इतिहासाने धाकट्याचं चरित्र लिहिलं, ते योग्यच. पण माझं मन त्या सात रुपयांपाशी घोटाळतं. ते खर्च करणाऱ्या घरात मिठाचा खडा कसा मोजून पडत असेल, कुणाचं लुगडं आणखी एका वर्षासाठी पुढे ढकललं गेलं असेल, आणि त्या बाईने ते कधी बोलून दाखवलं असेल का?

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परतल्यावर संस्थानाची १० वर्षं नोकरी करण्याचा करार. तो करार ज्या कागदावर झाला त्या कागदाच्या कोऱ्या कडांचा मी कधी कधी विचार करते. सही करताना बाविशीतल्या माणसाचा हात थांबला असेल का? दहा वर्षं म्हणजे तेव्हा त्याच्या वयाची जवळजवळ अर्धी. आणि परळच्या खोलीत रमाबाई. तिकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमत होते, इकडे चूल कशीबशी पेटत होती, आणि दोन्हीकडची काटकसर एकमेकींना बघू शकत नव्हती. पुढे लंडनमध्ये शिक्षण चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्ध्यातून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. या वेळी सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. म्हणजे पगार, मदत, कर्ज. शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करून निघालेल्या आजच्या कुठल्याही मुलाची फाइल उघडली तर हेच तीन थर सापडतील. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मुदत संपल्यावर बोटीत बसून परत यावं लागणं काय असतं, हे माहीत असलेला एक माणूस त्या मंडळात होता.

साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले; शेवटी मंगळसूत्रही दिलं. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे. रयतचं कॉलेज वाशीत आहे, पनवेलला आहे, भिंतीवर भाऊरावांची तसबीर आहे, पांढरी दाढी, अंगावर घोंगडी. त्या तसबिरीखालून प्रवेशाच्या रांगेत सरकणाऱ्या बायकांचे गळे मी बघत असते. ऑगस्टमध्ये पुष्कळ गळ्यांत नुसती काळी पोत असते. वाट्या बँकेत.

या शहराच्या पोटात आणखी एक शहर आहे. ते कागदांतूनच दिसतं. नवी मुंबई महानगरपालिकेच्या समाजविकास विभागाच्या शिष्यवृत्तीच्या यादीत ज्यांची मुलं येतात ती माणसं बघा: दगडखाणीतले मजूर, बांधकाम आणि नाका कामगार, कंत्राटी सफाई कामगार, विधवा आणि घटस्फोटित स्त्रिया, प्रकल्पग्रस्त. शहराच्या माहितीपत्रकात पाम बीच रोड असतो, फ्लेमिंगो असतात, रेल्वे स्टेशनांवरच्या प्रशस्त छतांचे फोटो असतात. ही यादी वाचली की कळतं, छत कुणी टाकलं, खडी कुणी फोडली आणि फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या कोण उचलतं.

तुर्भ्याच्या खाणीत जन्म घालवलेल्या एका गृहस्थांबरोबर मी आधार केंद्रात गेले होते. मुलाच्या अर्जासाठी ओटीपी लागतो, ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर जात होता, तो नंबर कधीच बंद पडलेला. नवा नंबर जोडायचा तर बोटांचे ठसे. त्यांनी उजवा अंगठा काचेवर ठेवला. यंत्राने तो घेतला नाही. डावा ठेवला. नाही. केंद्रातल्या मुलीने मोठ्या मायेने ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसली, एकेक करून दहाही टेकवून बघितली. काचेवर नुसता धूसर डाग उमटे. दगडाने त्या बोटांवरच्या सगळ्या रेषा झिजवून नेल्या होत्या. डोंगर फोडता फोडता डोंगरानेही त्यांचं काहीतरी फोडून नेलं होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त आपल्या तळव्यांकडे पाहत राहिले, परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसं. मग मुलगी म्हणाली, ‘काका, डोळ्यांनी करू.’ तिने दुर्बिणीसारखं एक यंत्र त्यांच्या चेहऱ्यासमोर धरलं. ‘उघडे ठेवा. मिटू नका.’ त्यांनी डोळे ताणून उघडले. धूळ जाऊन जाऊन लालसर झालेले, कडांशी पाणी आलेले ते डोळे.

घेतले.

अशीच एक मुलगी आगरी गावातली. सिडको १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं, खाजणं शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळं त्या मुलीला आजीच्या तोंडून ठाऊक. ज्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला, त्याच्या पार्किंगच्या जागी त्यांचं शेत होतं. शेताला नाव होतं. आजी अजून त्या नावानेच पार्किंगचा उल्लेख करते. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना सिडको विद्यावेतन देते, महापालिकेचीही शिष्यवृत्ती आहे, त्या दोन्हींसाठी प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला लागतो. म्हणजे आजोबांच्या शेतात उभं राहून, ते शेत आजोबांचं होतं, याचा पुरावा नातीने द्यायचा, मग फीचा भार हलका व्हायचा. ती हे हसत हसत सांगते. आगरी हसणं, त्यात दात दिसतात आणि धारही. पावसाळ्यात त्या पार्किंगच्या एका कोपऱ्यात पाणी साठतं, कितीही भराव घाला साठतं. ‘पाणी इसरत नाय,’ आजी म्हणते.

आता सगळे अर्ज महाडीबीटीवर. प्रोफाइल शंभर टक्के भरल्याशिवाय योजनेचं दार उघडत नाही. पत्ता, जात, उत्पन्न, अधिवास, मागचं शिक्षण, वसतिगृह, एकेक टप्पा हिरवा होत जातो. दिवसा नेट रखडतं म्हणून पोरं रात्री बसतात. अकरानंतर सिडकोच्या जुन्या इमारतींतल्या खिडक्या एकेक करून मिटतात, आणि मिटलेल्या भिंतीत इथे तिथे एखादा निळसर चौकोन जागा राहतो. पाऊस पत्र्यावर वाजत असतो. पडद्यावर एक चक्र फिरत असतं. मागे चटईवर बाप झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो, कारण जागं राहिलो तर पोराला ओझं वाटेल असं त्याला वाटतं. आणि पोरगा आवाज न करता कळा दाबत असतो, कारण बाप खरंच झोपलाय असं त्याला वाटतं. अर्ज गेला, की मग वाट पाहणं. कॉलेजची छाननी, मग खात्याची. कागद परत आला तर पुन्हा झेरॉक्स. मंजूर झाला तर आधारशी जोडलेल्या खात्यात हप्ता, कधी या वर्षीचा पुढच्या वर्षी. गणपती येतात, जातात. कोजागरीला खाडीवर चांदणं पडतं, आणि गच्चीवर दूध आटत असताना कुणीतरी हळूच मोबाइल काढून स्टेटस बघून घेतं.

२०२४-२५ पासून एक बदल झाला. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. आमच्या सोसायटीतल्या टेम्पो चालवणाऱ्या शेजाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, ‘पूर्ण?’ मग ते गप्प झाले. निम्म्या फीची तयारी त्यांनी मनाशी करून ठेवली होती, कुणाकडे मागायचं हे ठरवलं होतं, मागताना काय बोलायचं तेही घोकलं असणार. ते सगळे शब्द आता मोकळे झाले आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळेना. बाकीचे खर्च आहेतच. बस आहे, पुस्तकं आहेत, लॅपटॉप आहे. पण त्या संध्याकाळी ते पावसात छत्री न उघडता खाली उतरले आणि टेम्पोची काच पुसत बसले, बाहेरून पाऊस पडत असताना.

त्यांच्या मुलीच्या दाखल्याचा अर्ज भरायला मीच बसले. ओट्याशी वहिनी भाकऱ्या थापत होत्या. सकाळ-संध्याकाळ त्या एका पोळीभाजी केंद्राला भाकऱ्या पुरवतात. तव्यावर एक, हातावर एक, परातीत एक असं त्यांचं चाललेलं असतं. मी टेम्पोचे आकडे भरले. डिझेल वजा केलं, हप्ता धरला नाही. मग ‘आईचा व्यवसाय’ आला. मुलगी म्हणाली, ‘गृहिणी लिहा, मावशी.’

‘काय लिहितीयस?’ वहिनींनी विचारलं.

मुलीने सांगितलं. परातीवरचा हात थांबला.

‘आणि खाली सही कसली करायचीय?’

‘स्वयंघोषणापत्र आहे,’ मी म्हटलं. ‘वर लिहिलेलं सगळं खरं आहे, अशी.’

‘मग ते खरं नाहीये.’

‘वहिनी, तुमचं धरलं नाही तरी अडत नाही. मर्यादा आठ लाखांची. धरलं तरी आपण तिच्या जवळपास जात नाही.’

‘अडत नाही ना? मग लिहा की.’

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. एका भाकरीमागे केंद्रवाला किती देतो ते सांगितलं. रोजच्या भाकऱ्या सांगितल्या. श्रावणात मागणी जास्त, सोमवार नि शनिवार धरून. मे महिन्यात कमी, निम्मं गिऱ्हाईक गावी असतं. पीठ स्वतःचं, ते वजा. गॅस वजा. गौरीचे दोन दिवस वजा. मुलीने मोबाइलवर गुणाकार केला. वहिनींचं उत्तर तिच्या आधी आलं होतं, आणि बरोबर होतं. मी ‘गृहिणी’ पुसून भाकरी व्यवसाय लिहिलं, समोर रक्कम टाकली आणि दोघांची बेरीज करायला घेतली.

‘थांबा, एवढ्यात नका करू,’ वहिनी म्हणाल्या. ‘दिवाळीचा फराळ राहिला. चकल्यांचे वेगळे धरा, त्यांना भाव जास्त येतो.’